बिनआवाजाचा मुऱ्हाळी

आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते. पंचांगात ती अक्षय तृतीया, खानदेशात आखाजी. दिवाळीला लेक आली नाही तर चालून जातं, आखाजीला आली नाही तर गल्ली विचारते. आणि ती एकटी येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, भाऊ असेल तर भाऊच. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात उभा राहिला की सासरची माणसं लेकीची पिशवी ओट्यावर आणून ठेवतात. नाही आला तर पिशवी आतच राहते. रीत एवढीच आहे, आणि ती मी जगातल्या सगळ्या बहिणींसाठी पाळली, फक्त माझी सोडून.

कारण मी जळगावात गाडी चालवतो. लोक मोबाइलवरून बोलावतात, मी जातो. आखाजीच्या आधीचे तीन-चार दिवस म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. ज्यांच्या दारात मोटार नाही ते सगळे भाऊ त्या दिवसांत गाडी बोलावतात. कुणाला पाचोऱ्याला जायचं असतं, कुणाला फैजपूरला, कुणाला अमळनेरला. जाताना भाऊ माझ्या शेजारी बसतो आणि उन्हाला शिव्या देतो. येताना बहीण मागे बसते आणि गाव मागे पडलं की डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकते. हे मी आरशात इतक्या वेळा पाहिलंय की कुठल्या वळणावर पदर खाली येणार हेही सांगू शकेन.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, अमळनेर-धुळे रस्त्यावर काळी-पिवळी चालवत. नऊ जणांच्या गाडीत चौदा बसवत आणि दोघं मागे लटकत. पण आखाजीच्या आदल्या दिवशी ती गाडी रिकामी निघायची. स्टँडवर माणसं हात करत, शिव्या देत, आणि नाना सरळ पुढे बघत निघून जात. ती फेरी आत्याची. येताना मागच्या अख्ख्या सीटवर एकटी आत्या पाय वर घेऊन बसलेली असायची. धंद्याचा सगळ्यांत मोठा दिवस ते असा बुडवत. आई त्यावरून दरवर्षी एकदा बोलायची, पण ती स्वतःही तिच्या भावाची वाट बघत असायची, त्यामुळे बोलण्यात फारसा जोर नसायचा.

गाडी मी त्यांच्याकडूनच शिकलो. बाकी सगळं विसरलो असेन, पण एक गोष्ट हातात बसली ती बसली: उतार दिसला की न्यूट्रल. "उतार फुकट शे. इंजिनले कसाले तरास?" ते म्हणायचे. आमच्या रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर हे करायचे. कोण कुठल्या टेकाडावरून कुठल्या पुलापर्यंत इंजिनाला हात न लावता जातो यावर स्टँडवर चढाओढ लागायची. नाना ही चढाओढ कधी हरल्याचं मी ऐकलं नाही.

अक्का, माझी मोठी बहीण, साक्रीच्या बाजूला दिलेली. आई गेली, नानांचे गुडघे गेले, त्यांनी गाडी चालवणं सोडलं, ते जळगावला माझ्याकडे राहायला आले, आणि अक्काला आणण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन-चार वर्षं मी नीट केलं. मग मोबाइलवरचा धंदा सुरू झाला. पहिल्या वर्षी मी अक्काला फोन करून सांगितलं की या वेळी दाजींबरोबर ये, मला जमत नाही. ती आली नाही. दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. ओळखीच्या एका ड्रायव्हरची गाडी तिच्याकडे पाठवली. ती गाडी संध्याकाळी परत आली. मागच्या सीटवर अक्का नव्हती, सांजोऱ्यांचा डबा होता, नानांसाठी. त्या दिवशी मी स्वतः तीन वेगवेगळ्या घरांच्या बहिणी आणल्या होत्या.

रात्री तिचा फोन आला. "गाडी नको धाडू भाऊ. ये तं तू ये," एवढंच बोलली. नाना शेजारीच होते. त्यांनी डबा उघडला नाही, फळीवर ठेवून दिला. मला राग आला, आणि आज लाज वाटते की मला राग अक्काचा आला होता. इतकी चांगली थंडगार गाडी पाठवली आणि हिला माणूसच पाहिजे, असं माझ्या मनात आलं होतं.

त्याच वर्षी मोबाइलवर भाडी देणाऱ्या कंपनीचे निरोप सुरू झाले. इलेक्ट्रिक घ्या, इलेक्ट्रिकवाल्याला स्टेशनची भाडी आधी, इलेक्ट्रिकवाल्याला लांबची भाडी आधी. माझी डिझेल गाडी दमली होती, मीही दमलो होतो. नानांना मी सांगितलं की या गाडीने धंदा आटोपशीर होईल, मग आखाजीला मी मोकळा. हे मी खरंच मानत होतो का, ते आता आठवत नाही. पण बोललो होतो.

गाडी दारात आणली त्या दिवशी नाना काठी टेकत बाहेर आले. दोनदा फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, तो थंड लागला म्हणून लगेच काढून घेतला. मी म्हटलं, "कशी शे, नाना?" ते म्हणाले, "हिले आवाजच नही. तू घर ऊना हाई माले कसं समजी?" माझी डिझेल गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की त्यांना आतून कळायचं आणि ते सुनेला चहाचं आधण ठेवायला सांगायचे. गेली कित्येक वर्षं मी घरात पाऊल टाकलं की चहा उकळत असायचा, आणि हे गाडीच्या आवाजामुळे होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानंतर मला घरी आल्यावर चहाची वाट बघावी लागायची.

गाडीच्या कंपनीने माहिती द्यायला एक माणूस पाठवला होता. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. आम्ही दहा-बाराजण, सगळे स्टेअरिंगवर केस पांढरे केलेले. तो म्हणाला, "उतारावर गाडी गिअरमध्येच राहू द्या. पाय काढला की चाकंच बॅटरी भरतात." मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे उतारावर पंपवाला गाडीतच बसलेला असतो म्हणा की. आम्ही सगळे हसलो, मी जरा जास्तच हसलो. ज्याने आयुष्यात काळी-पिवळी ढकलली नाही तो आम्हाला उतार शिकवणार, याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पुढचं मी ऐकलं नाही.

आणि जळगावात राहून ऐकायची गरजही पडली नाही. शहर सपाट. रेल्वेच्या पुलावरून उतरताना माझा हात गिअर बदलायच्या गोल बटणाकडे जायचा, गाडी न्यूट्रलवर जायची, खाली सिग्नलला मी ब्रेक मारायचो. सवय जुनी, गाडी नवी, दोघींचं बरं चाललं होतं. बाकी त्रास होताच. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात एसी बंद करा म्हणायची कुणाला सोय नाही, आणि एसी लावला की आकडा घसरताना दिसतो. बाजारपेठेतले एक कापडवाले शेठ दर वेळी बसण्याआधी विचारायचे, रस्त्यात बंद तर नाही पडणार ना. मी हसून नाही म्हणायचो. पण प्रवासी गप्पा मारत असायचा आणि माझा डोळा आकड्यावर असायचा. डिझेल गाडीत मी रस्ता बघून चालवायचो, हिच्यात आकडा बघून चालवायला लागलो.

आखाजी आली. नानांनी पंधरा दिवस आधीपासून एकच धोशा लावला. त्यांना बोलताना धाप लागायची, तरी सकाळी पहिलं वाक्य तेच. तू जा, तूच आण. आदल्या दिवशी सकाळी मी मोबाइलवरचा धंदा बंद केला. शहराचा नकाशा सगळीकडे लाल दिसत होता, म्हणजे गाड्या कमी आणि बोलावणारे जास्त. बंद करताना अंगठा जरा थांबला, ते कबूल करतो. पण केला. नानांनी मला नवा सदरा घालायला लावला आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, संध्याकाळ होईल यायला. ते म्हणाले, व्हऊ दे.

पारोळा मागे टाकून धुळ्याला पोचलो तेव्हा अर्ध्याहून थोडी जास्त बॅटरी उरली होती. हायवेच्या हॉटेलवर चार्जिंगचं यंत्र होतं, त्याला एक गाडी लागलेली, तिच्यामागे दुसरी उभी. थांबलो असतो तर दीड-दोन तास गेले असते. येताना भरू म्हटलं आणि निघालो. साक्रीकडे रस्ता चढत जातो, आकडा भराभर उतरला. अक्काच्या दारात गाडी उभी केली तेव्हा वीस टक्क्यांच्याही खाली होता.

अक्का दारातच होती. पिशवी ओट्यावर आधीच आणून ठेवलेली, सासूने नाही, तिने स्वतः. माझ्याकडे बघून हसली नाही, आत जाऊन पाणी घेऊन आली. शेजारच्या बाया गाडी बघायला जमल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "तुन्हा भाऊ ऊना का?" तेव्हा अक्का जरा मोठ्याने म्हणाली, "हा, मन्हा भाऊ ऊना." दोन वर्षांनी तिला ते वाक्य बोलायला मिळालं होतं.

दाजी व्यवहारी माणूस. गाडीभोवती फिरून त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "आते लाइट शे. लाई दे ना वायर." डिकीत वायर होती. दोन-तीन तास लावली असती तरी धुळे सहज गाठता आलं असतं. पण मी मुऱ्हाळी म्हणून आलेलो. आमचे नाना आत्याच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नसत, तेही तिने आग्रह केला तर. लेकीच्या घरी द्यायला जायचं असतं. आणि मी तिच्या सासूसमोर भिंतीत वायर खुपसून त्यांच्या मीटरवर माझी गाडी भरणार? मी म्हटलं, भरपूर आहे. दाजींनी आकडा पाहिला होता की नाही कोण जाणे, पण ते गाडीपासून बाजूला झाले. मनात मी हिशेब केला की परतीला तर सगळा उतारच आहे, न्यूट्रलवर निघून जाऊ.

आणि तसाच निघालो. अक्का पुढे माझ्याशेजारी बसली. एसी बंद कर, मी काच उघडते, असं ती दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. लोकांच्या बहिणी थंड हवेत आणल्या आणि माझी बहीण घामात येणार का? मग तिने ओळखीच्या वळणावर पदर खांद्यावर टाकला आणि बोलायला लागली. "दोन वरीस मी पिशवी भरीसन बसनू," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. सासू म्हणायची की पिशवी सोड, कोणी येत नाही, आणि ही म्हणायची दिवस मावळू द्या. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, कारण ती शेजारी बसली होती आणि आम्ही नानांकडे निघालो होतो.

रस्ता उतरत होता. प्रत्येक उताराला माझा हात आपोआप बटणाकडे जात होता. गाडी न्यूट्रलवर वाहत होती, खाली ट्रक आला किंवा गतिरोधक आला की मी ब्रेक दाबत होतो. नानांनी पाहिलं असतं तर खूश झाले असते, इतक्या सफाईने. चाकं जे बॅटरीत भरायला तयार होती ते मी प्रत्येक उताराला ब्रेकमध्ये जाळत होतो, आणि मला वाटत होतं मी वाचवतोय.

कुसुंबा मागे पडलं आणि गाडीने पहिली सूचना दिली. मी एसी बंद केला. काचा उघडल्या तर तोंडावर भट्टीची झळ आली. वेग कमी केला. शून्य झाल्यावरही मी घाबरलो नाही, कारण काटा खाली टेकल्यावर डिझेल गाडी किती चालते हे मला माहीत होतं. ही चालली नाही. हळूहळू होत होत रस्त्याच्या कडेला थांबली, एकही आवाज न करता. हॉटेलवरचं यंत्र तिथून चार किलोमीटर होतं.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. उचलून नेणारी गाडी येईल, सणाचे दिवस आहेत, तीन तास तरी धरा, असं उत्तर आलं. आम्ही एका निंबाखाली उभे राहिलो. सावली दोन माणसांपुरतीच होती. नानांचा फोन आला. "कोठे शेतस?" मी म्हटलं, धुळ्याजवळ. ते खोटं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा आला, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा अक्काने उचलला. तिने ऐकून घेतलं आणि हा-हा म्हणून ठेवला. मला म्हणाली, त्यांचा आवाज बसला आहे, सकाळपासून जेवले नाहीत.

तेवढ्यात लांबून लाल एसटी दिसली. जळगावची होती. अक्काने हात केला, गाडी थांबली. तिने पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चाल, तू बी चाल. गाडी राहू दे आठेच."

त्या दिवसातलं बाकी सगळं मी यंत्रावर, उन्हावर, सवयीवर ढकलू शकतो. हे नाही ढकलता येत. दरवाजा उघडा होता, कंडक्टर घाई करत होता, बसमध्ये जागाही होती. गाडीला कुलूप लावून चढायला मला किती वेळ लागला असता? पण माझ्या डोक्यात आलं की हायवेवर गाडी सोडली आणि कुणी ठोकली तर, उचलायला आलेल्यांना चावी कोण देईल, कंपनी काय म्हणेल. मी म्हटलं, "गाडी कशी सोडू? तू पुढे चाल, मी मांगे येस."

अक्काने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग चढली. खिडकीतून तिने हात वगैरे काही केला नाही. मुऱ्हाळी निंबाखाली नवा सदरा घालून उभा राहिला आणि बहीण एसटीने माहेरी गेली.

पुढचं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. अक्का स्टँडवरून रिक्षाने आली, हातात पिशवी, एकटी. गल्लीतल्या बाया ओट्यांवर होत्या, सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही विचारलं नाही. नानांनी विचारलं, भाऊ कुठे? अक्का म्हणाली, "मांगे शे. येस." नानांनी तिला जवळ बसवून घेतलं, तरी तोंड गल्लीकडेच. उचलून नेणाऱ्या गाडीने मला यंत्रापर्यंत सोडलं, तिथे बॅटरी भरून मी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. गाडी दारात आणून उभी केली तरी नाना वळले नाहीत. ते कान देऊन बसले होते, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतंच. मी उतरून दरवाजा आपटला तेव्हा कुठे त्यांनी मान फिरवली. म्हणाले, "ऊना का?" आणि चहाचं सांगितलं. अक्का चहा ठेवायला आत गेली ती बाहेर आली नाही. चार दिवस राहिली, माझ्याशी नीट बोलली, काही कमी केलं नाही. परतीला मी सोडतो म्हटलं तर एसटीचं तिकीट काढून ठेवलेलं होतं.

थंडीत नाना गेले.

गाडीच्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा त्याच पांढऱ्या शर्टवाल्याला मी सगळं सांगितलं. त्याने साक्री ते धुळे उतार विचारला, जरा विचार केला आणि म्हणाला, न्यूट्रल केलं नसतं तर चार-पाच किलोमीटर सहज निघाले असते, काका. तो टोमणा नव्हता. तेव्हापासून उतारावर माझा हात बटणाकडे जात नाही.

यंदाच्या आखाजीला नानांच्या नावाची पहिली घागर भरायची होती, आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर पुजतात. मी आठवडाभर आधी अक्काला फोन केला, की मी येतो, एसटीने येतो हवं तर. ती म्हणाली, "राहू दे भाऊ. माले आते रस्ता माहीत शे." आदल्या दिवशी सकाळीच ती येऊन पोचली. सणाच्या सकाळी घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पाया पडली, माझ्या मुलांना जवळ घेतलं. मला घरात काही काम उरलं नाही. मी बाहेर आलो आणि मोबाइलवरचा धंदा चालू केला.

पहिलंच भाडं साक्रीकडचं लागलं. बहीण आणायची होती, भाऊ शेजारी बसला, जाताना हॉटेलच्या यंत्रावर थांबून बॅटरी पूर्ण भरून घेतली. येताना ती मागे बसली, वळणावर पदर खांद्यावर टाकला. मी प्रत्येक उताराला नुसता पाय काढत होतो आणि आकडा टिकून होता. तो निंब मागे गेला. हॉटेलचं यंत्र आलं तेव्हा बॅटरीत पुष्कळ उरलं होतं, थांबायचीही गरज नव्हती. बाई बोलक्या होत्या. भावाशी बोलून झालं तसं मला विचारलं, "तुले बहीण शे का भाऊ? ऊनी का ती आखाजीले?"

मी म्हटलं, "मांगे शे. येस."